मुलाखत: नोकरीत आणि संशोधनात तिचा उपयोग व तंत्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरातील महाविद्यालयांतले संशोधक विद्यार्थी, वस्त्यांमध्ये सर्वेक्षण करणारे कार्यकर्ते आणि बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांतील भरती पाहणारी मंडळी यांच्यासोबत मुलाखतीचे प्रशिक्षण करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण त्या ठिकाणी चुका अधिक होतात.

नोकरीची मुलाखत आणि संशोधनाची मुलाखत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत का?

मुलाखत हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ भेट एवढाच आहे. हिंदीत तो आजही भेटीसाठीच वापरतात. नागपुरात दोन्ही भाषा एकाच घरात बोलल्या जातात, त्यामुळे एखाद्या वयस्क गृहस्थांना 'तुमची मुलाखत घ्यायची आहे' असे म्हटले की ते 'या की मग घरी' असे सहज म्हणतात. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो. नोकरीच्या मुलाखतीत गरज उमेदवाराची असते. संशोधनाच्या मुलाखतीत गरज आपली असते आणि समोरच्या व्यक्तीला आपल्याकडून काहीही मिळणार नसताना ती आपला वेळ देते. वागण्याबोलण्याची बरीचशी रीत या एका फरकावरून ठरते.

साम्य मात्र त्याहून मोठे आहे. दोन्हीकडे मत विचारून फारसे हाती लागत नाही आणि घडलेला प्रसंग विचारला तर पुष्कळ लागते. 'तुम्ही जबाबदारीने काम करता का?' या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस अजून भेटायचा आहे. 'गेल्या महिन्यात तुमच्या पाळीत काय बिघडले होते आणि तेव्हा तुम्ही सर्वांत आधी काय केले?' या प्रश्नाला मात्र ज्याने काम केले आहे तोच उत्तर देऊ शकतो. जॉन फ्लॅनगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांबाबत केलेल्या अभ्यासातून ही पद्धत घडवली आणि १९५४ मध्ये ती सविस्तर मांडली. यश किंवा अपयश ज्यावर ठरले असा एकेक प्रसंग विचारायचा आणि त्यात त्या माणसाने प्रत्यक्ष काय केले ते नोंदवायचे, हे तिचे सार आहे. पुढील बहुतेक उत्तरे याच धाग्यावर आहेत.

मुलाखतीचे प्रकार कोणते आणि कोणता केव्हा वापरावा?

संरचित मुलाखतीत प्रश्न, त्यांचा क्रम आणि बहुधा उत्तरांचे पर्यायही आधीच ठरलेले असतात. असंरचित मुलाखतीत विषय तेवढा ठरलेला असतो. आणि अर्ध-संरचित मुलाखतीत मुख्य प्रश्न ठरलेले असून उपप्रश्न बोलण्याच्या ओघात सुचतात. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांपैकी किती जणांनी आंबिया बहार (हिवाळ्याअखेरचा फुलोरा) घेतला आणि किती जणांनी मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा), हे मोजायचे असेल तर संरचित मुलाखत हवी. एखाद्या शेतकऱ्याने वीस वर्षांची बाग का तोडली हे समजून घ्यायचे असेल तर ठरावीक पर्यायांच्या चौकटी निरुपयोगी ठरतात. गटचर्चा वेगळ्या कामाची आहे: लोक एकमेकांसमोर काय बोलतात हे तिच्यातून कळते, एकेकटे काय बोलतील हे कळत नाही.

प्रश्न लिहिताना सर्वांत जास्त चूक कुठे होते?

मराठीत ती एका अक्षरात होते: 'ना'. 'नळाला रोज पाणी येते ना?' असे विचारले की उत्तर आपणच देऊन टाकलेले असते. समोरच्या व्यक्तीला फक्त मान हलवायची उरते. विदर्भातील माणूस पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाही, 'हो जी' म्हणतो, आणि त्या 'हो जी'चा अर्थ 'मला मान्य आहे' असा नसून पुष्कळदा 'तुमचे बोलणे ऐकले' एवढाच असतो. म्हणून प्रश्न 'काल नळाला पाणी किती वाजता आले होते?' असा हवा. पाणी आलेच नसेल तर ती व्यक्ती तसे सांगते, कारण तिला आपले म्हणणे खोडून काढावे लागत नाही.

दुसरा शब्द 'का'. 'शाळा का सोडली?', 'आधीची नोकरी का सोडली?' हे प्रश्न लिहिलेले साधे दिसतात, पण बोलताना त्यांत जाब विचारल्याचा सूर येतो आणि ऐकणारा स्वतःचा बचाव सुरू करतो. 'शाळा सुटली त्या वर्षी घरी काय चालले होते?' असे विचारले तर कारण आपसूक पुढे येते, आणि अनेकदा एक नव्हे तर चार कारणे येतात.

तिसरी चूक म्हणजे एका प्रश्नात दोन प्रश्न. 'वीज आणि पाणी नियमित मिळते का?' याला आलेले 'हो' कशासाठी आहे हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. प्रश्न तयार झाले की ते ओळखीच्या पाच-सहा माणसांवर मोठ्याने वाचून पाहावेत. जो प्रश्न दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागतो तो पुन्हा लिहावा. ही पथदर्शी चाचणी टाळून वाचवलेले दोन दिवस पुढे दोन महिने छळतात.

लोकांना तारखा आठवत नाहीत. मग काय करावे?

तारीख विचारू नये, प्रसंग विचारावा. 'ताप कोणत्या महिन्यात आला होता?' याला अंदाजाचे उत्तर येते. 'मारबतीच्या आधी की नंतर?' याला नागपुरात जवळपास नेमके उत्तर येते, कारण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीने निघणारे काळी आणि पिवळी मारबत हे पुतळे कोणी विसरत नाही. ग्रामीण भागात सालगड्यांचे साल गुढीपाडव्याच्या सुमारास बदलते, म्हणून मजुरीच्या प्रश्नांना तो आधार घ्यावा. मुलाखतीला जाण्यापूर्वी त्या गावचे किंवा वस्तीचे असे प्रसंग-पंचांग कागदावर तयार असावे.

स्मरणाची आणखी एक खोड आहे: जुनी घटना माणसाला अलीकडे घडल्यासारखी वाटते. त्यामुळे 'गेल्या सहा महिन्यांत' असे विचारले की आठ-नऊ महिन्यांपूर्वीच्या गोष्टीही आत ओढल्या जातात. किती मागचे विचारायचे यावर आकडे किती बदलतात याचे आपल्याच देशातले ठळक उदाहरण म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची १९९९-२००० ची ५५वी फेरी. तीत त्याच कुटुंबांना खाण्यापिण्याचा खर्च ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा दोन्ही प्रकारे विचारला गेला. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाला असावा या शंकेमुळे त्या वर्षीच्या दारिद्र्याच्या आकड्यांची तुलना आधीच्या आकड्यांशी करता येते की नाही यावर अर्थतज्ज्ञांमध्ये मोठा वाद झाला. प्रश्नातला कालावधी ही किरकोळ बाब समजणाऱ्यांनी हा वाद जरूर अभ्यासावा.

समोरची व्यक्ती एका शब्दात उत्तर देते. तिला बोलते कसे करावे?

काही वर्षांपूर्वी एम्प्रेस मिलच्या एका माजी कामगारांशी मी टिमकीतील त्यांच्या घरी बोलत होतो. त्यांच्या परवानगीने, नाव न देता, तो प्रसंग सांगतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही गिरणी २००२ मध्ये बंद झाली, आणि मला बंद झाल्यानंतरच्या दिवसांबद्दल ऐकायचे होते. मी विचारले, 'मिल बंद झाल्यावर फार हाल झाले असतील ना?' ते म्हणाले, 'हो जी, झाले.' आणि थांबले. पुढची वीस मिनिटे अशीच गेली. मग सूनबाईंनी चहा आणून ठेवला. काकांनी तो बशीत ओतला, आणि मी वहीतले प्रश्न बाजूला ठेवून विचारले, 'मिल बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरला होता का?'

त्यांनी बशी खाली ठेवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मग ते म्हणाले, 'भरला होता. बंद झाली हे ठाऊक होतं, तरी मंडळीनं डबा भरला. मी तो घेऊन जुम्मा तलावाच्या काठावर जाऊन बसलो. आठ-दहा दिवस असंच करून राहिलो होतो, लहान पोरीला समजू नये म्हणून.' त्यानंतर ते दीड तास बोलले.

त्यात दोन गोष्टी घडल्या. 'हाल' हा माझा शब्द होता, डबा त्यांचा होता. आणि बशी खाली ठेवल्यानंतरची शांतता मी मोडली नाही. आपल्याकडे बोलण्यात पडलेली पोकळी भरून काढणे हा सौजन्याचा भाग मानतात, त्यामुळे नवा मुलाखतकार तीन सेकंदांत पुढचा प्रश्न विचारतो आणि येऊ घातलेले उत्तर परत जाते. घड्याळ न पाहता मनात दहा आकडे मोजावेत. 'हो हो, बरोबर', 'अगदी खरे' असे हुंकारही जपून द्यावेत, कारण त्यांतून कोणते उत्तर आपल्याला आवडले हे समोरच्याला कळते. 'मग?', 'म्हणजे कसे?', 'तो दिवस सांगा' एवढे पुरते.

साक्षीदारांच्या आठवणी जागवण्यासाठी रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझलमन यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या तंत्राचा आधारही हाच आहे: आधी ती जागा, तो प्रहर, आजूबाजूचे आवाज मनात उभे करू द्यायचे, अखंड सांगू द्यायचे आणि मध्ये तोडायचे नाही.

घरी गेल्यावर सगळे कुटुंब भोवती बसते. एकांत कसा मिळवावा?

हा प्रश्न स्त्रियांच्या मुलाखतीत सर्वांत कठीण होतो. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सासूबाई देतात, पत्नीला विचारलेले पती सांगतात, आणि यात कोणाच्याच मनात वाईट नसते. दोन जणांनी जावे; एकाने घरातील इतरांशी खरोखरच कामाच्या गप्पा कराव्यात आणि दुसऱ्याने मुलाखत घ्यावी. एकांत मिळालाच नाही तर नाजूक प्रश्न विचारू नयेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कौटुंबिक हिंसाचाराचे प्रश्न एका घरातील एकाच निवडलेल्या स्त्रीला विचारतात आणि एकांत नसेल तर तो भाग घेतच नाहीत. आपण प्रश्न विचारून निघून येतो. त्या बाईंना त्याच घरात राहायचे असते. आकडा अपुरा राहिला तरी चालेल, पण तिच्यावर संकट आणू नये.

वेळेबद्दलही थोडे: मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी बारा ते पाच कोणाचेही दार वाजवू नये. कळमना बाजारातल्या हमालांना लिलावाच्या घाईत गाठू नये. माणूस रिकामा केव्हा असतो हे आधी त्यालाच विचारावे.

किती मुलाखती पुरेशा होतात?

मोजणी करायची असेल तर उत्तर नमुना-निवडीच्या गणिताने ठरते. समजून घ्यायचे असेल तर नवीन मुलाखतीतून नवीन मुद्दा येणे थांबेपर्यंत मुलाखती घ्याव्यात. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी घाना व नायजेरियातील ६० स्त्रियांच्या मुलाखती तपासल्या तेव्हा बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच आलेले दिसले. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्या स्त्रिया बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या. महालातले जुने वाडे आणि मिहान या विमानतळाजवळच्या औद्योगिक प्रकल्पालगतची पुनर्वसित गावे एकाच अभ्यासात घेऊन बारावर थांबणे योग्य होणार नाही.

शब्दांकन करताना बोली शुद्ध करून लिहावी का?

नाही, आणि याबाबत माझे मत ठाम आहे. 'आम्ही वाट पाहून राहिलो होतो' हे 'आम्ही वाट पाहत होतो' असे लिहिले की त्या माणसाचा आवाज पुसला जातो. 'मले', 'तुले' जसे आले तसे राहू द्यावे. हिंदी वाक्य मध्ये आले असेल तर तेही तसेच ठेवावे, कारण माणूस भाषा कोठे बदलतो हीसुद्धा माहिती असते. वयस्क बाई साहेबांचे बोलणे हिंदीत आणि स्वतःचे मराठीत सांगत असतील, तर त्यातून त्या दोघांमधले अंतर ऐकू येते. अहवालात प्रमाण भाषेतील सारांश हवा असेल तर तो वेगळा लिहावा.

एका तासाच्या ध्वनिमुद्रणाच्या शब्दांकनाला चार ते सहा तास लागतात, आणि कूलर चालू असलेल्या खोलीत केलेले ध्वनिमुद्रण असेल तर त्याहून जास्त. बसण्याची जागा निवडताना कूलरपासून दूर बसण्याची विनंती संकोच न करता करावी. त्याच रात्री, निदान दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या टिपणांवरून नजर फिरवावी.

संमती कशी घ्यावी? सही घेतली की झाले का?

सही हा संमतीचा शेवटचा भाग आहे. आपण कोण, हे कशासाठी विचारत आहोत, उत्तरे कोण वाचणार, नाव राहणार की नाही, मध्येच थांबता येते का, आणि यातून कोणतीही योजना किंवा अनुदान मिळणार नाही, हे साध्या शब्दांत सांगावे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण वही घेऊन आलेल्या माणसाकडून वस्तीत घरकुलाची आशा धरली जाते आणि ती आशा ठेवून दिलेली उत्तरे त्या आशेच्या बाजूने झुकतात. आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे पाहावीत. वैयक्तिक माहिती डिजिटल स्वरूपात साठवणाऱ्यांनी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमही वाचावा. अनेक लोक सही करायला घाबरतात, कारण कागदावर सही करून जमीन किंवा काम गेल्याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतात. अशा वेळी नैतिकता समितीची मान्यता घेऊन तोंडी संमती ध्वनिमुद्रित करावी.

भरतीसाठी मोकळ्या गप्पा बऱ्या की सर्वांना तेच प्रश्न विचारणे बरे?

सर्वांना तेच प्रश्न. 'माणूस पाहिला की कळतो' असे पॅनेलवरील ज्येष्ठ मंडळी विश्वासाने म्हणतात, पण पुरावा त्या बाजूचा नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा संरचित मुलाखतीचा प्रत्यक्ष कामाशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.५१ आणि असंरचित मुलाखतीचा ०.३८ निघाला. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हा हिशेब सुधारून मांडला, तेव्हा हे आकडे अनुक्रमे ०.४२ आणि ०.१९ वर आले. आकडे खाली आले, पण दोन पद्धतींतले अंतर वाढले, आणि तपासलेल्या सर्व निवड-पद्धतींत संरचित मुलाखत पहिल्या क्रमांकावर आली.

प्रत्यक्षात कसे करावे? समजा, बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्याला देखभालीसाठी फिटर हवा आहे. आधी त्या खात्यातील चार अनुभवी कामगारांना विचारावे की चांगला फिटर आणि सामान्य फिटर यांच्यातला फरक त्यांना कोणत्या दिवशी दिसला. त्या प्रसंगांतून पाच-सहा प्रश्न तयार होतात: 'रात्रपाळीत मशीन बंद पडली, सुपरवायझर फोन उचलत नाहीत, सुटे भाग नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर तेव्हा काय केले ते सांगा.' प्रत्येक प्रश्नासाठी कमी, मध्यम आणि उत्तम उत्तर कसे असेल हे आधीच लिहून ठेवावे. पॅनेलच्या प्रत्येक सदस्याने आपले गुण स्वतंत्रपणे, आपसांत बोलण्यापूर्वी लिहावेत, कारण साहेबांनी आधी मत दिले की बाकीच्यांचे गुण त्याच दिशेने सरकतात. एवढे एक पाऊल उचलले तरी निवडीत फरक पडतो. एका भरतीत मी हे केले नाही. ज्येष्ठांनी दारातच 'पोरगा चुणचुणीत आहे' म्हटले आणि आम्ही सगळ्यांनी तेच लिहिले. त्याच्यानंतर आलेला शांत उमेदवार कामाला अधिक योग्य होता, हे दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तेव्हा लक्षात आले, पण तोपर्यंत नेमणूकपत्र गेले होते.

प्रत्येक पदासाठी मुलाखत लागतेच का?

नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या, त्यामागे वशिलेबाजीला आळा घालण्याचा हेतू होता. दुसरीकडे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे आहेत. टंकलेखकाची निवड करायची असेल तर टंकलेखन करून घ्यावे. मुलाखतीतून बोटांचा वेग कळत नाही.

उमेदवारांना कोणते प्रश्न विचारू नयेत?

कामाशी ज्याचा संबंध नाही ते विचारू नये. 'लग्न कधी करणार?', 'मूल लहान आहे, मग जमेल का?' हे प्रश्न मुलींना विचारले जातात आणि मुलांना विचारले जात नाहीत, एवढ्यावरूनच त्यांचे स्वरूप स्पष्ट होते. 'मूळचे कुठले?', 'आडनाव काय म्हणालात?' या वाटेने जातीकडे जाणे तितकेच गैर आहे. दीक्षाभूमीच्या शहरात तरी हे सांगण्याची वेळ येऊ नये. नोकरी देण्याआधी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. रात्रपाळी करावी लागणार असेल तर सर्व उमेदवारांना एकच वाक्य सांगावे: 'या पदाला महिन्यातून इतक्या रात्रपाळ्या आहेत, आपल्याला जमतील का?'

उमेदवाराने तयारी कशी करावी?

स्वतःच्या कामातले सहा-सात खरे प्रसंग वहीत लिहावेत: काय झाले, माझ्यावर कोणती जबाबदारी होती, मी काय केले, शेवट काय झाला. 'आम्ही केले' असे सगळीकडे म्हणण्याची आपली सवय विनयाची आहे, पण पॅनेलला तुमचा वाटा कळायला हवा, म्हणून तेथे 'मी' म्हणावे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी कोणत्या भाषेत उत्तर देता येईल हे सुरुवातीलाच विचारावे. त्यात कमीपणा काहीही नाही.

नोकरी सोडणाऱ्याची मुलाखत घेऊन काही उपयोग होतो का?

बहुधा कमी, कारण अनुभवाचे प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत कोणी खरे बोलत नाही. ती थेट वरिष्ठांनी न घेता दुसऱ्या खात्यातील व्यक्तीने, शक्यतो दोन-तीन महिन्यांनी घ्यावी. त्याहून चांगले म्हणजे काम करत असलेल्यांचे ऐकणे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २१ हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारले जात; पण कामगार वारंवार दुसऱ्याच विषयाकडे वळतात हे पाहून मुलाखतकारांनी पद्धत बदलली आणि कामगाराला त्याच्या मनातले बोलू दिले. मुलाखत अर्ध्या तासावरून सुमारे दीड तासावर गेली, आणि पर्यवेक्षकांना आपल्या माणसांविषयी जे ठाऊक नव्हते ते त्यातून कळले.

मुलाखत कशी संपवावी?

घाईने नव्हे. 'मी विचारायला हवे होते आणि विचारले नाही, असे काही आहे का?' हा शेवटचा प्रश्न ठेवावा आणि त्यासाठी खरोखर पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. ध्वनिमुद्रण बंद केल्यावर, चपला घालताना, दारातच महत्त्वाचे बोलणे निघते. ते वापरायचे असेल तर तेथेच परवानगी मागावी आणि नाही म्हटले तर ते तेथेच सोडून यावे. शब्दांकन झाले की त्याची प्रत मोठ्या अक्षरांत छापून त्या व्यक्तीला नेऊन द्यावी, वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी आणि खोडायला सांगितलेली ओळ खोडावी. टिमकीतल्या काकांनी त्यांची प्रत वाचून एकच दुरुस्ती सांगितली. आठ-दहा दिवस नव्हे, अकरा.